मदत हवी आहे: कोरकू-मराठी मुलांनी सांगितलेल्या गोष्टींना गुण कसे द्यायचे?
नमस्कार. एम. ए. शिक्षणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या दुसरीच्या 22 मुलांबरोबर काम करतेय. घरी कोरकू, शाळेत मराठी. घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगता येणाऱ्या मुलाला मराठीतही ती जमते का, हे मला पाहायचं आहे. घरच्या भाषेतलं कौशल्य दुसऱ्या भाषेला आधार देतं, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचं म्हणणं त्यामागे आहे.

आधी एकच चित्रगोष्ट दोन्ही भाषांत सांगायला लावली, पण दुसऱ्यांदा मुलं सरावाने सांगत होती. आता दोन वेगळ्या गोष्टी घेतल्यात. निम्मी मुलं आधी कोरकूत सांगतात, निम्मी आधी मराठीत.

अडलंय ते गुणांपाशी. एक मुलगी म्हणाली, "शेळी आला, पाणी पिला, मग विहिरीत पडला." क्रम अचूक, फक्त लिंग चुकलं. कोरकू मुंडा भाषाकुळातली. तिथे सजीव-निर्जीव असा भेद आहे, मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. मग हिला कमी गुण देणं मला अन्यायाचं वाटतं.

ध्वनिमुद्रण आहे, पालकांची संमती घेतली आहे, कोरकू बोलणाऱ्या एक अंगणवाडीताई मदतीला आहेत. लेखी चाचणी नको, आणि हातात दीडच महिना आहे.

गोष्टीची रचना आणि व्याकरण यांचे गुण पूर्ण वेगळे ठेवावेत का? आणि कोरकूतल्या गोष्टी ताईंनी एकटीने तपासल्या तर चालेल, की दुसरा तपासनीस लागेलच?