पिच क्लॉकमुळे मैदानातली मजा गेली की वाढली?

हिरवी_भिंत

2023 च्या हंगामापासून मेजर लीग बेसबॉलमध्ये पिच क्लॉक, म्हणजे दोन चेंडूंमधला वेळ मोजणारं घड्याळ, आलं. बेसवर (धावणाऱ्याच्या तीन टप्प्यांपैकी एकावर) कुणी नसेल तर पिचरने 15 सेकंदांत चेंडू टाकायचा, कुणी असेल तर 20 सेकंदांत (2024 पासून 18). घड्याळात 8 सेकंद उरायच्या आत बॅटर तयार पाहिजे. पिचरने उशीर केला तर बॉल (असे चार झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर), बॅटरने केला तर स्ट्राइक (तीन झाले की तो आउट). नऊ इनिंगच्या सामन्याला 2022 मध्ये सरासरी 3 तास 4 मिनिटं लागत, ती वेळ पहिल्याच वर्षी 2 तास 40 मिनिटांवर आली. टीव्हीवर बघणाऱ्यांना हे आवडलं असेल. मी बोलतोय ते तिकीट काढून मैदानात बसणाऱ्यांबद्दल, आणि माझ्या मते आपलं यात नुकसान झालंय.

मी बॉस्टनला राहतो, फेनवे पार्कला जातो. 1912 साली उघडलेलं मैदान, डावीकडे 37 फुटांची हिरवी भिंत आणि तिच्या पायथ्याशी आजही हाताने पाट्या बदलायचा धावफलक. इथे येणारा माणूस नुसता निकाल बघायला येत नाही. दोन चेंडूंच्या मधल्या वेळातच तर खरं मैदान कळतं. बॅटरमागचा कॅचर खूण करतो, पिचर मान हलवून नको म्हणतो, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) दोन पावलं सरकतो, आणि शेजारचे म्हातारे गृहस्थ 'आता हा बाहेरचा चेंडू टाकणार बघा' म्हणून सांगतात. मी स्कोअरकार्ड भरतो. 6-4-3 (शॉर्टस्टॉप, सेकंड बेसमन, फर्स्ट बेसमन) असा डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोन आउट, लिहून मान वर करावी तर पुढचा चेंडू पडलेला असतो. उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात, त्यांना क्रिकेट पाठ आहे, पण फाऊल आणि स्ट्राइक समजावून सांगायला थोडी उसंत लागते. तीच राहिली नाही.

25 फेब्रुवारी 2023 ला फ्लोरिडात रेड सॉक्स (आमचा बॉस्टनचा संघ) आणि अटलांटाचे ब्रेव्ह्ज यांचा सराव सामना झाला. 6-6 बरोबरी, नववी इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. अशा क्षणी बॅटर वेळेत तयार नव्हता म्हणून अंपायरने तिसरा स्ट्राइक दिला, तिसरा आउट झाला आणि सामना तिथेच बरोबरीत संपला. चेंडू न टाकताच! ज्या क्षणासाठी माणूस तीन तास बसतो, तोच त्याच्या हातातून काढून घेतला.

दोन_पोरांची_आई

अजिबात पटलं नाही. आम्हीही फेनवेलाच जातो. आठवड्यातल्या दिवशी सामना सातच्या सुमाराला सुरू होतो. पूर्वी सहाव्या इनिंगला मुलं पेंगायला लागायची, दुसऱ्या दिवशी शाळा, मग उठायचं आणि केनमोर स्टेशन गाठायचं. शेवट कधी बघायलाच मिळायचा नाही. आता मुलं नववी इनिंग जागेपणी बघतात. आठव्या इनिंगच्या मध्ये सगळं मैदान एका सुरात गातं, तेही त्यांना मिळतं. तिकीट तेच, पण आता आम्ही पूर्ण सामना बघतो.

शिवाय फेनवेच्या जुन्या लाकडी खुर्च्या किती अरुंद आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. काही जागांवरून तर खांबाआड होम प्लेटच (बॅटर उभा राहतो ती जागा) दिसत नाही. तिथे बसून बॅटर ग्लोव्हचा पट्टा सोडतोय आणि परत बांधतोय हे बघण्यात कसली उसंत?

जुना_हिशेब

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्यावी. 1985 मध्येही सरासरी सामना 2 तास 40 मिनिटांचाच होता! म्हणजे ज्याला आपण जुना निवांत बेसबॉल म्हणतो तो आजच्याइतक्याच वेळात संपायचा. वेळ वाढली ती नंतर: बॅटर प्रत्येक चेंडूनंतर आपल्या चौकटीबाहेर जाऊ लागले, पिचर ते उभे राहतात त्या उंचवट्यामागे फेऱ्या मारू लागले, पिचर बदलणंही वाढलं. 2021 मध्ये सरासरी 3 तास 10 मिनिटांवर गेली होती. पिच क्लॉकने जुना खेळ मोडला नाही, जुना वेग परत आणला.

हिरवी_भिंत

@जुना_हिशेब, आकडा बरोबर आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला अर्थ मला मान्य नाही. 1985 चे पिचर आपणहून भराभर टाकत. वेग त्यांचा होता, हवा तेव्हा ते तो कमी करू शकत. आता होम प्लेटच्या मागे आणि समोर आउटफिल्डकडेही उलटे सेकंद दिसत राहतात, नको म्हटलं तरी डोळा तिकडे जातो. सामना 27 आउट झाल्यावर संपतो, वेळ संपली म्हणून नाही, हा या खेळाचा अभिमान होता. फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकी सगळे घड्याळावर चालतात. एक खेळ तरी तसा नव्हता.

@दोन_पोरांची_आई, मुलांचा मुद्दा मी मनापासून मानतो. पण त्यासाठी सामना साडेसहाला सुरू करता येतो.

दोन_पोरांची_आई

साडेसहाला? ऑफिस सुटून, मुलांना घेऊन, ग्रीन लाइन मेट्रोच्या गर्दीतून साडेसहाला कोण पोचणार? पहिल्या दोन इनिंग गमावून शेवटच्या दोन कमवायच्या, यात आम्हाला काय मिळालं?

पूर्वउपसागर

तुम्ही दोघंही मूळ चोराला सोडून भांडताय. दोन अर्ध्या इनिंगच्या (एका संघाची बॅटिंग म्हणजे अर्धी इनिंग) मध्ये 2 मिनिटं 15 सेकंदांची सुट्टी असते. पूर्ण सामन्यात 18 अर्ध्या इनिंग, म्हणजे अशा 17 सुट्ट्या. हिशेब करा, 38 मिनिटांच्या वर जातो. हा वेळ जाहिरातींचा आहे आणि त्यातलं एक मिनिटही कुणी कापलं नाही. कापलं ते खेळाडूच्या आणि आपल्या वाट्याचं. वर त्या सुट्टीत भोंगे इतके मोठ्याने वाजतात की शेजाऱ्याशी बोलायची सोय नाही. उसंत हवी असेल तर आधी भोंगे बंद करा म्हणावं.

मी ओकलंडचा, आमच्या अ‍ॅथलेटिक्स संघाच्या कोलिझियम मैदानात उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर बसणारा. तिथे लोक स्वतःचे ढोल आणायचे. 13 जून 2023 ला संघ दुसरीकडे हलवायला निघालेल्या मालकाच्या निषेधार्थ मुद्दाम मैदान भरायचं ठरलं, एरवी ओस पडणाऱ्या मैदानात 27,759 लोक आले आणि 'संघ विका' म्हणून घसा फोडून ओरडले. घड्याळ त्याही दिवशी चालू होतं. कुणाचं लक्षही गेलं नाही तिकडे. 26 सप्टेंबर 2024 ला शेवटचा सामना झाला, 46,889 लोक होते, आणि पुढच्या हंगामात संघ सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानावर गेला. प्रेक्षकाचं खरं नुकसान म्हणतात ते हे. पंधरा सेकंदांचं दुःख मला समजतं, पण आमच्याकडे जायला मैदानच उरलं नाही.

चोरटी_धाव

पूर्वउपसागर, वाचून वाईट वाटलं.

मूळ मुद्द्याबद्दल: मैदानात बसणाऱ्याला घड्याळासोबत आलेल्या नियमांनी मोठी भेट दिली आहे, तिचा अजून कुणी उल्लेख केला नाही. बेसवर कुणी असताना पिचरला आता एका बॅटरमागे दोनदाच पाय मागे घेता येतो किंवा बेसकडे चेंडू फेकता येतो. तिसऱ्यांदा फेकून धावणारा आउट झाला नाही तर त्याला पुढचा बेस फुकट. बेसही 15 इंचांचे 18 इंच झाले. परिणाम? 2022 मध्ये 2,486 बेस चोरले गेले (म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठला), 2023 मध्ये 3,503. आणि चोरी ही मैदानातूनच बघायची गोष्ट आहे. टीव्हीचा कॅमेरा पिचर-बॅटरवर असतो. पहिल्या बेसवरचा गडी इंचाइंचाने कसा पुढे सरकतो, पिचर खांद्यावरून कसा बघतो, सेकंड बेसमन केव्हा धावायला लागतो, हे एका नजरेत फक्त स्टँडमधून दिसतं. @हिरवी_भिंत, स्कोअरकार्डातून मान काढून पहिल्या बेसकडे बघा.

नॉर्थ_स्टँड

मी वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये क्रिकेट बघत वाढले, आता न्यू जर्सीत आहे. धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. वेगवान गोलंदाज रनअपच्या टोकाकडे परत चालत जातो तेव्हाच स्टँडमधला आवाज चढायला लागतो. ते चालणं काढा, आवाज चढायला जागाच राहत नाही. क्रिकेटमध्येही आता मर्यादित षटकांच्या सामन्यात घड्याळ आलंय, पण ते दोन षटकांच्या मध्ये, 60 सेकंदांचं. दोन चेंडूंच्या मध्ये कुणी घातलेलं नाही. बेसबॉलने नेमकं तिथेच घातलं.

जुना_हिशेब

आवाज चढायचा तेव्हा चढतोच. 27 ऑक्टोबर 2025 चा वर्ल्ड सिरीजचा (लीगच्या अंतिम मालिकेचा) तिसरा सामना आठवा. लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम, टोरांटोविरुद्ध बरोबरी सुटेपर्यंत 18 इनिंग, 6 तास 39 मिनिटं, मध्यरात्रीच्या कडेला फ्रेडी फ्रीमनच्या होम रनने संपला. पिच क्लॉक पूर्ण वेळ चालू होतं. याच मैदानावर 2018 च्या वर्ल्ड सिरीजमध्येही 18 इनिंगचा सामना झाला होता, तेव्हा घड्याळ नव्हतं आणि 7 तास 20 मिनिटं लागली होती. त्या 41 मिनिटांत प्रेक्षकाला जास्तीचं काय मिळालं, सांगा.

हिरवी_भिंत

दोन्ही सामन्यांत वेगळे संघ, वेगळे पिचर, सगळा फरक घड्याळाच्या खात्यात कसा टाकता? आणि मी 18 इनिंगचं म्हणतच नाही. माझी मागणी साधी आहे: आठ इनिंग घड्याळ चालू द्या, नवव्या इनिंगपासून बंद करा. मुलं तोवर जागी राहतील, घरी जायला फार तर दहा मिनिटं उशीर होईल, आणि बेस भरलेले असताना पिचरला एक लांब श्वास घेता येईल. त्या श्वासात आम्हालाही उभं राहून ओरडता येईल.

चोरटी_धाव

मग नवव्या इनिंगमध्ये पाय मागे घ्यायची मर्यादाही उठवणार का? ती घड्याळाला जोडूनच आली आहे. घड्याळ नसलं की पिचर चेंडू हातात धरून बसणार आणि धावणाऱ्याला पहिल्या बेसवर खिळवून ठेवणार. एका धावेने मागे असलेल्या संघाचा सगळ्यात चपळ गडी नेमका तेव्हाच बेसवर असतो. त्याची चोरी मला नवव्या इनिंगमध्येच सगळ्यात जास्त बघायची आहे. माझा विरोध कायम.