विरघळणारं सिलिकॉन

शरीरात बसवायच्या पेशी सिलिकॉनवर वाढवायच्या म्हटलं, की एक आक्षेप येतो: पेशी कितीही छान वाढल्या तरी त्यांच्या खालचं सिलिकॉन शरीरात कायमचं पडून राहणार. हा आक्षेप अखंड चिपला ठीक आहे, सिलिकॉनच्या सच्छिद्र पडद्याला नाही. हायड्रोफ्लोरिक आम्लात वीज सोडून नॅनोमीटर मापाची छिद्रं पाडली, की तेच सिलिकॉन शरीरात हळूहळू विरघळून सिलिसिक आम्ल होतं आणि लघवीवाटे निघून जातं.

२००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या गटाने माणसाच्या डोळ्यातल्या पेशी अशा पडद्यावर लावून उंदराच्या डोळ्यात बसवल्या. जिवंत पेशी पडद्यावरून उतरून आजूबाजूच्या ऊतींत शिरल्या! दाह फारसा नव्हता. पडदा मात्र आठ आठवड्यांनंतरही दिसत होता, म्हणजे खरा प्रश्न विरघळण्याच्या वेगाचा. हा वेग छिद्रांचा आकार आणि पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर यांनी कमीजास्त करता येतो. पडदा लवकर विरघळला तर पेशींना आधारच उरत नाही.