फिल्टरवाल्याने सळया बुडवल्या आणि पाण्याचा चिखल झाला, हे लोखंड का?

घोडबंदरची_सून
काल फिल्टरवाला डेमो द्यायला आलेला. एका ग्लासात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याचं आरओचं, दोन्हीत सळयांचं यंत्र बुडवून प्लग लावला तर मिनिटभरात आमचं पाणी गटारासारखं आणि त्याचं जसंच्या तसं. म्हणे ताई हे सगळं पोटात जातं तुमच्या. सासूबाई लगेच पैसे काढायला निघाल्या. टाइल्सवर पिवळे डाग पडतात हे खरंय, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८५०. नक्की काय असेल पाण्यात?

ब्युरेटवाला_ऐरोली
तो चिखल सळईचा हो! लोखंडी सळईतून करंट गेला की तीच विरघळून गंज होतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून करंट जात नाही, त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका, तेही तसंच होईल (पिऊ नका फक्त). टीडीएस मीटरही करंटच मोजतो, कॅल्शियम की सोडियम ते त्याला कळत नाही.
ज्याला पकडायचं त्याचं रसायन वेगळं. क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट, दह्यासारखा पांढरा साका. हार्डनेसला (पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम) ईडीटीए नावाचं रसायन, आधी पाण्यात रंग दाखवणारा सूचक टाकायचा, मग वाइनसारखा लाल रंग थेंबाथेंबाने जांभळा होत होत एकदम निळा झाला की थांबायचं, एक थेंब जास्त पडला की परत पहिल्यापासून, या नादात माझ्या कितीतरी दुपारी गेल्यात. लोखंडाला थायोसायनेट, रक्तासारखं लाल. पण ते फक्त फेरिकला (हवा लागून गंजाच्या रूपात गेलेल्या लोखंडाला) ओळखतं आणि बोअरच्या ताज्या पाण्यातलं लोखंड असतं फेरस (विरघळलेलं, डोळ्याला न दिसणारं), म्हणून आधी अ‍ॅसिड आणि पेरॉक्साइडचा थेंब, नाहीतर लोखंड असून नाही म्हणाल.

कळव्याचा_काका
आमच्याकडे बोअरच्या पाण्याचा कोरा चहा काळा पडायचा, ते काय?

ब्युरेटवाला_ऐरोली
काका तेच, चहातलं टॅनिन आणि लोखंड. हिरड्याची शाई अशीच करायचे. पण आकडा नाही मिळत त्यातून.

घोडबंदरची_सून
रात्री बाटली भरून ठेवलेली. भरताना काचेसारखं स्वच्छ, सकाळी तळाशी तपकिरी गाळ! आणि कोरा चहा खरंच शाईसारखा. म्हणजे लोखंड आहेच ना? लॅबला हीच बाटली देऊ?

ब्युरेटवाला_ऐरोली
आहे, पण ते डेमोने नाही, तुमच्या बाटलीने दाखवलं. ही नको, लोखंड सगळं तळाशी बसलंय. लॅबकडून लोखंडासाठी वेगळी बाटली मागा, आत अ‍ॅसिडचे थेंब असतात, विसळून टाकू नका. पंप पाच मिनिटं चालवून मग भरा, टाकीतून नको.