मदत हवी आहे: एक टायर बदलू की चारही?

नमस्कार मंडळी. गणपतीला पुण्याहून ताम्हिणी, माणगावमार्गे चिपळूणला जायचंय. काल हवा भरताना पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसला. पंक्चरवाले काका म्हणाले, आतले धागे तुटलेत, कधीही फुटेल. तो तर बदलणारच. पण बाकीच्या तिघांवर २३१९ छापलंय, म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक आहे, मात्र कडेच्या रबरावर बारीक भेगा पडल्यात. स्टेपनीही तेवढीच जुनी.

चारही एकदम घेणं बजेटमध्ये बसत नाही. सध्या दोनच घेतले तर नवी जोडी पुढे बसवावी की मागे? दुकानदार पुढे म्हणतोय, मेकॅनिक मागे. सोबत आई-बाबा आणि लहान मुलगी आहे, घाटात पाऊस असणारच. जाणकारांनी कारणासकट सांगा, प्लीज.