पोज्जोच्या किरकोळ चढावर शर्यतीचा निकाल का लागतो?

आरेवारेकर (रत्नागिरी):
मिलान–सान रेमो ही इटलीतली एकदिवसीय व्यावसायिक सायकल शर्यत मी गेली काही वर्षे पाहतो आहे. जवळजवळ ३०० किलोमीटरच्या या शर्यतीत बराच वेळ विशेष काही घडत नाही आणि अगदी शेवटी पोज्जो नावाच्या चढावर सगळे एकाएकी जिवावर उदार होतात. हा चढ जेमतेम ३.७ किलोमीटरचा आणि सरासरी चार टक्क्यांहूनही कमी आहे. आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना आम्ही हौशी मंडळीसुद्धा पाण्याच्या दोन बाटल्या आणि पंक्चरचे सामान घेऊन चढतोच की. मग एवढ्याशा चढावर निकाल कसा लागतो, आणि सर्वांत बलवान स्वार त्याआधीच का निसटत नाही?

सड्यावरचा (गुहागर):
चढाची लांबी मोजताना आपण त्याआधीचे अंतर विसरत आहात. पोज्जो लागतो तेव्हा पायांत पावणेतीनशेहून अधिक किलोमीटर मुरलेले असतात. त्यातही शर्यत जिथून जाते तो लिगुरियाचा किनारा आपल्या कोकणासारखाच आहे: आपल्याकडे जसे खाडीतून सड्यावर आणि सड्यावरून पुन्हा खाडीत, तसे तिथे मेले, चेर्वो, बेर्ता ही भूशिरे एकामागून एक येतात आणि मग चिप्रेसाची चढण. एकेक चढ क्षुल्लक असतो, पण संध्याकाळी घरचा जिना चढवत नाही, हे आपल्याला सांगायला नकोच.

लवकर न निसटण्याचे कारण वारा. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याचे श्रम सुमारे एक तृतीयांशाने वाचतात आणि पोज्जोवर हे लोक ताशी पस्तीस किलोमीटरहून अधिक वेगाने चढत असल्यामुळे हा आडोसा चढावरही उपयोगी पडतो. म्हणूनच पायथ्याशी, रस्ता अरुंद होण्यापूर्वी, पुढे जागा मिळवण्यासाठी प्रत्येक संघाचे सात स्वार अक्षरशः खांद्याला खांदा भिडवतात. चाळिसाव्या क्रमांकावर अडकलेल्याचे पाय कितीही ताजे असले तरी पुढे वाट मिळेपर्यंत हल्ला होऊन गेलेला असतो. मुळात शर्यत मोठ्या घोळक्याच्या अंतिम धावेवर संपू नये यासाठीच आयोजकांनी १९६० मध्ये पोज्जो आणि १९८२ मध्ये चिप्रेसा मार्गात घातले.

चिरेखाण (मालवण):
चढाचे एवढे कौतुक मला पटत नाही. माथ्यावरून अंतिम रेषा साधारण साडेपाच किलोमीटरवर राहते आणि त्यातला मोठा भाग वळणावळणांचा उतार आहे. २०२२ मध्ये पोगाचार या बलाढ्य स्वाराने चढावर पुन्हा पुन्हा हल्ले केले, पण निसटला तो मोहोरिच, आणि तोही उतारावर. त्याने सायकलच्या सीटची दांडी चालत्या सायकलवर खाली सरकवता येईल अशी सोय करून घेतली होती. अंग जमिनीलगत आले की वळणावर तोल अधिक सांभाळता येतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या वळणावर चिऱ्याच्या गडग्याला खांदा घासून घेतल्यापासून मी तरी उतार उतरणाऱ्यांनाच अधिक मानतो.

आरेवारेकर:
दोघांचेही आभार. मात्र २०२५ मध्ये पोगाचारने चिप्रेसावरच हल्ला केला होता. मग वाऱ्याचा नियम कुठे गेला?

सड्यावरचा:
तो नियम तेव्हाही लागू होताच. त्याच्यासोबत व्हॅन डर पोल आणि गान्ना टिकले. पोज्जोवर गान्ना मागे पडला, पण सपाटीवर त्याने दोघांना पुन्हा गाठले. अंतिम रेषा असलेल्या व्हिया रोमा रस्त्यावर व्हॅन डर पोल पहिला, गान्ना दुसरा आणि इतका खटाटोप करणारा पोगाचार तिसरा आला. त्याला एकट्याला निसटता आले नाही, हेच तर मी म्हणत होतो.

आरेवारेकर:
पटले. येत्या रविवारी आधी जयगड गाठतो आणि परतताना, पाय पुरेसे थकल्यावर, आरे-वारे चढून पाहतो.