व्हीटीची इमारत, उन्हात आणि दिव्यांत: तुमचे अनुभव लिहा

मंडळी,

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, म्हणजे जुन्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे (व्हीटीचे), फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. बहुतेक एकाच कोपऱ्यातून, घुमट मधोमध धरून काढलेले. माझं ठाम मत आहे की ही इमारत एका फोटोची नाही. तिच्यावरचं कोरीवकाम उन्हातच पाहावं आणि तिचा एकूण डौल दिवे लागल्यावर पाहावा. ज्यांनी ती दोन्ही वेळी निवांत पाहिली आहे, त्यांनी इथे लिहा. कॅमेरा नसला तरी हरकत नाही. कुठे उभे होतात, वेळ काय होती, काय दिसलं, एवढं मात्र सांगा, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

सुरुवात मीच करतो. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य तिच्या पाठीमागून वर येतो, त्यामुळे दर्शनी भाग सावलीत आणि आकाश पांढरंफटक. दुपारी तीननंतर ऊन समोर यायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत ते उजवीकडून तिरपं पडतं आणि दगडातली प्रत्येक पाकळी, प्रत्येक कंगोरा वर उठून येतो. तोच पिवळसर दगड एप्रिलच्या भर दुपारी सपाट दिसतो. फोर्टात दुपारचं काम असेल तर ते उरकून साडेचारला महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर या. नुसतं उभं राहून बघितलं तरी पुरे. (पुढे इतरांचे अनुभव, लिहिणाऱ्याच्या गावाच्या किंवा ओळखीच्या नावाखाली.)

डोंबिवली

माझं ऑफिस फोर्टात, म्हणजे ही इमारत रोजच्या वाटेवर. पण संध्याकाळची लोकल पकडायच्या घाईत मान वर करतो कोण? गेल्या हिवाळ्यात बाबा आले होते, ते रेल्वेतून निवृत्त झालेत. ते फाटकापाशीच थांबले. एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. "सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा," ते म्हणाले, "आता वर बघ, नानांना शोधू."

नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या उभारणीत ज्यांचा हात होता, त्यांचे चेहरे दर्शनी भिंतीवर गोलाकार चौकटींत कोरलेत. त्यांत नाना आहेत आणि सर जमशेटजी जीजीभॉयही. फोनवर झूम करून एकेक चेहरा बाबांना दाखवला. बाबा सांगत होते की १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी इथल्याच बोरीबंदरातून ठाण्याला गेली, तेव्हा ही इमारत नव्हती, तिचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. ज्या माणसांमुळे आपण रोज डोंबिवलीहून येऊ शकतो, त्यांतला एक आपल्याकडे बघतोय, हे मला फार मोलाचं वाटलं. आता लोकल चुकली की मी फलाटावर ताटकळत नाही, बाहेर येऊन एखादी कमान बघते.

जे. जे.चा विद्यार्थी

आमचं कॉलेज इथून चालत पाच-सात मिनिटांवर. या इमारतीवरच्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या त्या काळच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे, त्यामुळे स्केचबुक घेऊन इथे बसताना आपल्याच घरातल्या मोठ्यांचं काम बघतोय असं वाटतं.

फोटो काढणाऱ्यांना माझी एक विनंती आहे: पूर्ण इमारत चौकटीत बसवायचा हट्ट सोडा. एकच खिडकी घ्या. मी एक मोर घेतला होता, पिसारा फुलवलेला, कमानीच्या वरच्या अर्धवर्तुळात बसवलेला. पिसाऱ्याची गोलाई आणि कमानीची गोलाई एकमेकींत अशी मिसळते की मोर आधी कोरला की कमान, कळू नये. एका बाजूच्या पिसांवर काजळी जास्त आहे, तिथे पावसाचं पाणी पोचत नसावं. हे सगळं चार वाजताच्या उन्हात दिसलं. रात्री त्याच जागी गेलो तर मोर निळ्या दिव्यात बुडाला होता, फक्त बाह्यरेषा उरली होती. कोपऱ्यांवरून तोंड बाहेर काढणारे पन्हळीचे प्राणी मात्र रात्री जास्त जिवंत वाटतात, कारण उजेड खालून येतो आणि त्यांच्या जबड्यांखालच्या सावल्या वर सरकतात. शक्य असेल तर दुर्बीण आणा.

पुणे

मी खास रात्रीच्या फोटोंसाठी जातो, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो.

पहिली गोष्ट, पूर्ण काळोख होऊ देऊ नका. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत आकाश गडद निळं असतं आणि इमारतीचे दिवेही लागलेले असतात. तेव्हाच घुमटाची कड आकाशापासून वेगळी दिसते. तासाभराने आकाश काळं पडतं आणि घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती, उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक घेतलेली, त्यात हरवते.

दुसरी गोष्ट, रंगीत दिवे. जांभळा, गुलाबी, निळा असे रंग बदलत असतात. कॅमेरा अशा एकरंगी उजेडात फसतो आणि दगडाचा पोतच निघून जातो. एक स्टॉप कमी एक्स्पोजर ठेवा (म्हणजे उजेड निम्मा), रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि जमलं तर फिक्या रंगाची वाट बघा. मला स्वतःला पांढऱ्या-पिवळ्या उजेडातली इमारतच खरी वाटते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या सुमारास तिरंगी रोषणाई असते, तेव्हा गर्दी तुफान.

तिसरी गोष्ट, रस्त्यावरची वाहती गाडी. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, भिंगाचं छिद्र एफ ८ ते ११ आणि शटर आठ ते पंधरा सेकंद उघडं, एवढ्यात बसचे दिवे लांब रेषा होऊन येतात. बेस्टची दुमजली बस फ्रेममधून गेली तर एका रेषेच्या दोन होतात, एक खाली आणि एक वर. जुन्या डिझेलच्या दुमजली बस २०२३ मध्ये बंद झाल्या, आता विजेवरच्या वातानुकूलित आहेत. ट्रायपॉड फुटपाथवर लावलात तर माणसांना वाट राहील असा लावा. स्टेशनच्या आत तो लावायला परवानगी लागते, ती आधीच काढा. फोनवाल्यांनी कठड्यावर फोन टेकवून टायमर लावावा, नाइट मोडमध्ये चित्र छान येतं.

सोलापूर

सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे उतरलो की आम्ही दोघी बहिणी लगेच बाहेर पडत नाही. उपनगरी तिकीट खिडक्यांच्या हॉलमध्ये जातो आणि छताकडे बघतो. उत्तर बाजूच्या या दालनाला स्टार चेंबर म्हणतात. उंच खांब, टोकदार कमानी आणि निळ्या छतावर सोनेरी चांदण्या. खाली लोक रांगेत सुट्टे पैसे मोजत असतात. एकदा सोबत आलेली आमची मावशी म्हणाली, "देवळात वर बघता, तसं इथेही बघत जा गं."

फोटो काढायचाच असेल तर पहाटेच काढा. साडेआठनंतर तिथे थांबणं म्हणजे दुसऱ्यांचा खोळंबा.

लंडन

इथल्या सेंट पँक्रस स्टेशनाशी व्हीटीची तुलना नेहमी होते. दोन्हींची व्हिक्टोरियन गॉथिक शैली, टोकदार कमानी, मनोरे. सेंट पँक्रसची दर्शनी इमारत लाल विटांची आणि उंच, पण तिच्यावर असा घुमट नाही. व्हीटीचा वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आपल्याकडे दगडी घुमट चढवला, भारतीय राजवाड्यांतले मनोरे आणि कोरीवकाम आणलं, आणि मधल्या अंगणाभोवती दोन्ही बाजूंना पंख पसरले. दोन्ही इमारतींसमोर मी उभा राहिलो आहे. सेंट पँक्रस बघून आदर वाटतो, व्हीटी बघून जीव रमतो. हे पक्षपाती वाटेल, पण वर जे. जे.च्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या त्या मोरासारखं काही लंडनमध्ये मला सापडलेलं नाही.

आणखी एक: स्टीव्हन्सचीच १८९३ ची महापालिका इमारत अगदी समोर आहे. दोन्ही एका चौकटीत घ्यायच्या असतील तर खूप वाइड लेन्स लागते आणि कडा वाकड्या होतात. त्यापेक्षा वेगळे फोटो काढा.

चेंबूर

२६ नोव्हेंबर २००८ नंतर बरेच दिवस मी मेन लाइनच्या हॉलमधून जाताना पावलं भरभर टाकत असे. त्या रात्री वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी याच स्टेशनात, गाडीच्या डब्याच्या आडून, हल्लेखोराचे जे फोटो काढले ते पुढे खटल्यात पुरावा म्हणून आले. या वास्तूत निघालेले सगळ्यात मोलाचे फोटो माझ्या मते तेच. तुम्ही रोषणाईचे फोटो जरूर काढा. फक्त हॉलमध्ये हसत सेल्फी घेण्याआधी इथे गेलेल्या माणसांची आठवण ठेवा, एवढंच मागणं आहे.

ठाणे

वरच्यांनी बरंच सांगितलं, मी फक्त राहिलेलं लिहिते.

आतला जिना आणि घुमटाचा आतला भाग बघायचा असेल तर इमारतीतल्या वारसा संग्रहालयाची चौकशी करा. ते कामाच्या दिवशी दुपारी थोडाच वेळ उघडं असतं, वेळ बदलू शकते, म्हणून निघण्याआधी खात्री करून घ्या. घुमटाखालून वळत वर जाणारा जिना एका बाजूने भिंतीत धरलेला आहे. त्याच्या मध्यात उभं राहून वर बघितलं की घुमटाच्या आठही बाजू मोजता येतात.

'मेट्रो ३' ही जमिनीखालची मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून इथे येते, त्यामुळे तिच्या वाटेवरच्या पश्चिम उपनगरांतल्यांना आता दादरला गाडी बदलायची गरज नाही. बाहेर आल्यावर मुख्य रस्ता ओलांडताना कॅमेरा डोळ्याला लावून चालू नका, भुयारी मार्ग वापरा.

दिवसाचे फोटो आटोपून रोषणाईची वाट बघताना मधला तासभर जातो. समोर कॅपिटॉलच्या इमारतीत आरामचा वडापाव खा, तिथून दर्शनी भागाची डावी बाजू दिव्यांनी उजळायला लागलेली दिसते. आणि पावसाळ्यात याल तर लेन्स पुसायला एक सुती रुमाल जास्तीचा ठेवा, फुटपाथवर साचलेल्या पाण्यात घुमट उलटा दिसतो, पण त्यासाठी कॅमेरा जमिनीपासून चार बोटांवर धरावा लागतो आणि शिंतोडे थेट काचेवर येतात.