मदत हवी आहे: पुस्तकं उघडणारा टॅब सुचवा (तातडीने!)

घाईगडबड:
नवीन टॅब घ्यायचाय. आत्ताच्या टॅबवर पीडीएफ उघडत नाहीत. म्हणजे उघडतात, पण पान सरकवलं की नुसता पांढरा पडदा. सावकाश अक्षरं उमटतात, झूम केलं की परत धुरकट. कामाच्या मध्ये हे फार डोक्यात जातं. रविवारी सेल संपतोय, त्यामुळे थेट मॉडेलचं नाव सांगा. "आधी गरज ठरवा" छापाचे प्रतिसाद नकोत, गरज वर लिहिली आहे.

रॅमशास्त्री:
गरज लिहिलीत, बाकी काहीच नाही. बजेट? आत्ताचा टॅब कुठला, रॅम किती? पीडीएफ कसल्या? कुठल्या ॲपमध्ये उघडता?

तिठ्यावरचा:
डोळे झाकून आयपॅड. साधा ११ इंची, ए१६ चिपवाला. मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा १२८ जीबीचा ३४,९०० ला होता, सेलमध्ये आणखी खाली येतो. पुढची पाच-सहा वर्षं बघायला नको.

खवचट खारुताई:
आला आयपॅडवाला. अहो, त्यांनी अजून बजेटही सांगितलं नाहीये. आणि आयपॅडवर लिहायच्या पेन्सिलचे पैसे कोण देणार? सॅमसंगच्या एस९ एफई, एस१० एफईमध्ये पेन डब्यातच येतं.

तिठ्यावरचा:
पेन मागितलंय कोणी?

घाईगडबड:
पेन नकोय. बजेट पंचवीसपर्यंत, फारच चांगलं असेल तर तीस. आत्ताचा टॅब दहा इंची आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच त्यावरून जुंपेल. रॅम ८ आहे. पीडीएफ म्हणजे पुस्तकांच्या, अजून कसल्या असतात? ॲप म्हणजे फाइलवर दाबलं की जे उघडतं ते.

रॅमशास्त्री:
"८" की "४+४"? डबा असेल तर बघा. स्वस्त टॅबवर अधिक चिन्ह टाकून लिहितात, त्यातले नंतरचे ४ म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. खऱ्या रॅमपुढे ती फारच संथ, त्यात अशा टॅबमध्ये स्टोरेजही बहुतेक ईएमएमसी या स्वस्त, मंद प्रकारचं. जाहिरातीत मात्र ८ मोठ्या अक्षरात.

पुस्तकांच्या पीडीएफ दोन जातीच्या असतात. टाइप केलेल्या आणि स्कॅन केलेल्या. तुमच्या कुठल्या?

शेवग्याची शेंग:
पुस्तकं वाचायला टॅब घेऊच नये, डोळ्यांची वाट लागते. मी किंडल वापरते, उन्हात गच्चीत बसूनही वाचता येतं. मराठी पुस्तकंही भरपूर आहेत आता. फाइल मेल केली की झालं.

खवचट खारुताई:
मेलने ५० एमबीपर्यंतच जाते. वेबवरून २०० पर्यंत. आणि स्कॅन केलेलं मोठं पान सहा-सात इंची किंडलवर वाचायचं तर सोबत भिंग घ्या.

घाईगडबड:
डब्यावर ४+४ च आहे. हे दुकानात कोणी सांगत का नाही?

पुस्तकं स्कॅन केलेली, इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ग्रंथसंग्रहाच्या साइटवरून उतरवलेली. भाषांतराचं काम करते, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दिवसभर उघडा लागतो. १८५७ ची आवृत्ती, नऊशेच्या वर पानं, बारीक टाइप, पानावर स्तंभ. आता तरी मॉडेल सांगा.

पिंपळपार:
मोल्सवर्थसाठी पीडीएफ कशाला? शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर अख्खा आहे, शब्द टाकला की अर्थ समोर. दाते-कर्वेंचा शब्दकोशही तिथेच आहे. फुकट.

घाईगडबड:
ती साइट माहीत आहे हो. मला पान चाळावं लागतं, आजूबाजूचे शब्द बघावे लागतात. आणि जिथे बसून काम करते तिथे नेटचा भरवसा नाही. शिवाय मोल्सवर्थ एकटा नाही, अशी तीस-चाळीस पुस्तकं आहेत.

रॅमशास्त्री:
आर्काइव्ह हा शब्द पहिल्याच पोस्टमध्ये हवा होता! त्यांच्या पुष्कळ पीडीएफमध्ये एक पान म्हणजे एक चित्र नसतं. कागदाचा पिवळा रंग एका थरात, तो 'जेपेग २०००' या चित्र-प्रकारात दाबलेला. काळी अक्षरं दुसऱ्या थरात. फाइल लहान होते, पण पान दाखवताना दोन्ही उलगडून एकावर एक बसवावे लागतात. जेपेग २००० उलगडणं साध्या जेपेगपेक्षा कितीतरी जड काम. तुमचा प्रोसेसर तिथे दमतो. धुरकट आधी आणि अक्षरं मागून, हे लक्षण त्याचंच.

खात्री करायला दोन गोष्टी. तीच फाइल फोनवर उघडा. आणि टॅबवर एखादी टाइप केलेली पीडीएफ उघडा, विजेचं बिल वगैरे.

तिठ्यावरचा:
म्हणजे प्रोसेसर कमी पडतोय. म्हणजे आयपॅड. मी काय वेगळं सांगत होतो?

आणि एक मुद्दा कोणी काढत नाही. पडद्याचा आकार. स्वस्त अँड्रॉइड टॅब बहुतेक १६:१० या लांब-अरुंद प्रमाणाचे असतात, सिनेमासाठी बनवलेले. उभा धरला की पुस्तकाचं पान रुंदीला अडतं आणि वर-खाली पट्ट्या मोकळ्या. आयपॅडचा पडदा पुस्तकाच्या पानासारखा आहे, पान जवळजवळ कडेपर्यंत जातं. बारीक टाइपला हा फरक फार मोठा. उणं एवढंच की या साध्या मॉडेलमध्ये काच आणि डिस्प्ले यांच्यात फट आहे, दिव्याखाली चकाकतं.

खवचट खारुताई:
हे मात्र खरं, आकाराचं. +१. (लिहिताना हात थरथरला.)

बटाटेवडा:
गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठीत बोटाने लिहिलं तरी ओळखतं, कीबोर्ड बदलून बघा. माझ्या सासऱ्यांना फार उपयोग झाला.

खवचट खारुताई:
बटाटेवडा, धागा चुकला का?

घाईगडबड:
फोनवर बरीच बरी उघडते. विजेचं बिल टॅबवर पटकन उघडलं. पण फोनवर कोश वाचून डोळे जातील.

रॅमशास्त्री:
मग निदान झालं. आता पैसे न घालवता. लॅपटॉपवर घोस्टस्क्रिप्ट हा पीडीएफ बदलून देणारा प्रोग्राम टाका, फुकट आहे. त्यातून फाइल एकदा फिरवली की जेपेग २००० ची चित्रं साध्या जेपेगमध्ये जातात. बारीक टाइप आहे म्हणून १५० डीपीआयचा (इंचाला १५० ठिपके) पर्याय घेऊ नका, जोडाक्षरं चिकटतील. "त्र" आणि "व" च्या कडा झूम करून तपासा. ३०० ठेवा. फाइल फुगेल, पान मात्र पटकन येईल.

आणि टॅबवर केओरीडर हे वाचनाचं ॲप टाका. दिसायला अगदी रूक्ष, पण त्यात पानाचा कोरा समास कापता येतो आणि एकेक स्तंभ रुंदीभर दाखवता येतो. "फाइलवर दाबलं की उघडतं ते" फार तर बिलं बघायला.

तिठ्यावरचा:
तीस-चाळीस पुस्तकं अशी फिरवत बसायची? त्या भाषांतर करतात, छापखाना चालवत नाहीत. त्यापेक्षा पाच हजार जास्त घालून...

रॅमशास्त्री:
चाळीसही रात्री एकदम लावून झोपता येतं. आणि पाच हजार तुमचे नाहीत.

घाईगडबड:
लॅपटॉप यांच्या ऑफिसचा आहे. त्यावर काही टाकायला परवानगी लागते.

पिंपळपार:
हेही आत्ता!

रॅमशास्त्री:
मग आधी केओरीडर. समास कापा, स्तंभ लावा. पुढचं पान आधीच उलगडून ठेवायची सोय त्यात आहे, त्यामुळे क्रमाने चाळताना खोळंबा कमी. एकदम "अ" वरून "ह" वर उडी मारलीत तर थांबावं लागेलच, ते या प्रोसेसरवर टळणार नाही. रोज लागणारी दोन-तीन पुस्तकं मित्रमंडळींपैकी कोणाच्या तरी संगणकावर फिरवून घ्या, बाकीची राहू द्या.

घ्यायचाच असेल तर खरी ८ जीबी रॅम, प्रोसेसर तुमच्या फोनच्या तोडीचा तरी, आणि पडदा शक्यतो पुस्तकाच्या पानाच्या आकाराचा. तीसच्या आत अँड्रॉइडमध्ये हे तिन्ही एकत्र कशात आहे ते शोधून बघा. दुकानात जाऊन स्वतःची फाइल पेनड्राइव्हवरून उघडून दाखवायला सांगा. त्यांच्या डेमो व्हिडिओवर जाऊ नका.

शेवग्याची शेंग:
ई-इंकमध्ये, म्हणजे किंडलसारख्या पडद्यात, दहा इंची आणि अँड्रॉइडवालेही असतात, बूक्स कंपनीचे. त्यात हे केओरीडर चालेल का?

खवचट खारुताई:
चालेल. किंमत बघून बसून घ्या.

घाईगडबड:
केओरीडर टाकलं. मेनू सापडेपर्यंत जीव गेला, वरच्या कडेला दाबावं लागतं हे कुठे लिहीत का नाहीत? पण स्तंभ छान बसले, अक्षर मोठं झालं. क्रमाने चाळताना अडत नाही. उडी मारली की थांबतं, सांगितलंत तसंच. भाचीच्या संगणकावर मोल्सवर्थ शनिवारी फिरवून घेते. सेलमधला टॅब कार्टमध्ये ठेवलाय, शनिवारी रात्री ठरवीन.

तिठ्यावरचा:
कुठला ठेवलाय?

घाईगडबड:
४+४ नाहीये एवढं बघितलंय.

तिठ्यावरचा:
नाव!

बटाटेवडा:
अवांतर: सासऱ्यांच्या फोनवर दर थोड्या वेळाने "स्टोरेज भरलं" येतं. सगळे गुड मॉर्निंगचे फोटो काढून टाकले तरी. काय करावं?

पिंपळपार:
नवा धागा काढा. आणि फोन कुठला, स्टोरेज किती, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.